विमान उडण्यायोग्य आहे का, यावर कॅप्टन आणि इंजिनिअरचं पटत नाही तेव्हा

लाइन मेंटेनन्समध्ये मला २२ वर्षं झाली. विमान गेटला लागलं की टॉर्च घेऊन चाकांपाशी वाकायचं आणि पुन्हा निघण्याआधी टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीवर सही करायची, हे माझं काम. कॅप्टनशी वाद खूप झाले. त्यातला एक मी खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच सांगते.

फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, विमानाभोवती फेरी मारून वर गेला आणि म्हणाला, डाव्या बाजूच्या आतल्या चाकाचा ब्रेक संपलाय, पिन सपाट झालीय. (ब्रेक किती झिजला हे ही पिन दाखवते; ती सपाट झाली की ब्रेक बदलायचा.) दहा मिनिटांनी मी बघितलं तर पिन जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेर. कॉकपिटमध्ये जाऊन तसं सांगितलं. कॅप्टन म्हणाले, "तो उगाच सांगणार नाही." मी म्हटलं, "मी आत्ता डोळ्यांनी बघून आलेय." प्रवासी चढायला लागले होते, आवाजही चढले. शेवटी कॅप्टन उठले आणि माझ्याबरोबर खाली आले. चाकापाशी उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ब्रेक थंड व्हावेत म्हणून मधल्या वेळात पार्किंग ब्रेक सोडलेला होता. ही पिन ब्रेक लावलेला असतानाच बघायची असते. ब्रेक सोडला की ती थोडी बाहेर सरकते. वर फर्स्ट ऑफिसरला ब्रेक लावायला सांगितला. पिन आमच्या डोळ्यांदेखत आत गेली, अगदी सपाट. त्याने बघितलं ते खरं होतं, मी बघितलं तेही खरं होतं, पण मापायची पद्धत माझी चुकली होती. ब्रेक बदलला आणि विमान उशिरा गेलं.

म्हणून पहिलं काम हे: वाद कॉकपिटमध्ये बसून किंवा फोनवर घालू नका, दोघांनी मिळून बिघाडापाशी जा. टायरवरची चीर असो, हायड्रॉलिक तेलाची गळती असो, पंख्याच्या पात्यावरची खोच असो, मॅन्युअल टॅबलेटवर उघडून सोबत न्या. बहुतेक गोष्टींना आकडा असतो. चीर किती खोल चालते, मिनिटाला किती थेंब चालतात, खोच पात्याच्या कुठल्या भागात चालते, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. "मला ठीक वाटतं" आणि "मला ठीक वाटत नाही" ही दोन वाक्यं रात्रभर भांडू शकतात. खोली मोजायची पट्टी टायरला लावली की पाच मिनिटांत निकाल लागतो. माप घेताना कॅप्टनना आकडा स्वतः वाचू द्या. हे लहान वाटेल, पण त्याने फार फरक पडतो.

आता सह्यांबद्दल, कारण निम्मे वाद इथल्या गैरसमजातून होतात. इंजिनिअरची सही सांगते की अमुक काम ठरलेल्या पद्धतीने, मान्य कागदपत्रांनुसार पूर्ण झालं आणि त्या कामापुरतं विमान सेवेत द्यायला हरकत नाही. कॅप्टनची सही सांगते की या उड्डाणासाठी मी हे विमान स्वीकारतो. विमान उडण्यायोग्य असल्याची खात्री पटल्याशिवाय कॅप्टनने उड्डाण सुरू करू नये, हे आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या सहाव्या परिशिष्टातच आहे. म्हणजे कॅप्टनने प्रश्न विचारला तर तो तुमच्या सहीवर अविश्वास नसतो. तो त्यांच्या सहीचा भाग असतो. आणि कॅप्टन कितीही ज्येष्ठ असले तरी इंजिनिअरला "कर सही" म्हणू शकत नाहीत. इथे कोणीही दुसऱ्याची सही मागून घेऊ शकत नाही.

एमईएलवरून होणारे वाद वेगळ्या जातीचे. एमईएल म्हणजे काय काय बिघडलेलं असतानाही, कोणत्या अटींवर आणि किती दिवस विमान उडवता येईल याची यादी. ब वर्गाच्या बिघाडाला ३ दिवस, क ला १० आणि ड ला १२०, बिघाड नोंदवला तो दिवस सोडून. अ वर्गाची मुदत त्या त्या नोंदीतच दिलेली असते. इंजिनिअर यादी दाखवतो आणि म्हणतो, "सर, यात बसतंय." इथेच थांबला तर तो चुकतो. एमईएल ही परवानगी आहे, हुकूम नाही. एका इंजिनाचा रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटवून वेग कमी करणारा भाग) बंद ठेवून जाता येतं हे खरं, पण पुढची धावपट्टी आखूड आणि ओली असेल तर कॅप्टन नको म्हणू शकतात आणि ते म्हणणं पूर्ण वैध आहे. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते: "कुठली परिस्थिती तुम्हाला नको आहे?" उत्तर बहुतेक हवामानाचं, धावपट्टीचं किंवा एकाच वेळी डिफर केलेल्या, म्हणजे दुरुस्ती पुढे ढकललेल्या दोन-तीन गोष्टींचं असतं. मग उपाय सापडतो: वेगळं विमान, वेगळा मार्ग, नाहीतर तिथेच दुरुस्ती. डिफर केलेल्या गोष्टी एकेकट्या चालतात, पण एकत्र चालतात का, हे बघणं दोघांचंही काम आहे.

आणि कॅप्टन लोकांनो, तुम्हीही एक प्रश्न विचारा: "हे बिघडलं कशामुळे?" २० ऑगस्ट २००८ ला माद्रिदहून निघालेल्या स्पॅनएअरच्या एमडी-८२ विमानात बाहेरचं तापमान मोजणाऱ्या प्रोबचा हीटर जमिनीवरच चालू राहत होता. विमान परत आलं. मेंटेनन्सने सर्किट ब्रेकर ओढून हीटर बंद केला आणि एमईएलनुसार विमान सोडलं. मार्गावर बर्फ धरण्याची शक्यता नव्हती, कागदावर सगळं बसत होतं. पण तो हीटर जमिनीवर चालू असायलाच नको होता. विमान जमिनीवर आहे की हवेत हे यंत्रणांना कळवणाऱ्या रिलेंपैकी (विजेवर चालणाऱ्या स्विचांपैकी) एक रिले या हीटरलाही लागू होता आणि टेक-ऑफच्या इशारा यंत्रणेलाही. दुसऱ्यांदा निघताना फ्लॅप्स आणि स्लॅट्स (टेक-ऑफला पंखांची उचल वाढवणारे हलते भाग) लावायचे राहिले आणि इशारा वाजला नाही. १७२ पैकी १५४ जण गेले. इशारा वाजला नाही तो रिलेमुळेच, हे तपासात पक्कं सिद्ध झालं नाही. पण हीटर बंद केला, म्हणजे लक्षण झाकलं. कारण शोधायला कोणी थांबलं नाही. माझ्या मते त्या दिवशी दोन्ही बाजूंचं फार लवकर पटलं.

वाद होऊ नये म्हणून लोक जे करतात, त्याची मला वादापेक्षा जास्त भीती वाटते: तोंडी स्नॅग, म्हणजे लॉगमध्ये न लिहिता नुसता सांगितलेला बिघाड. कॅप्टन जिन्यात थांबवून म्हणतात, "लिहिलं नाहीये, पण ट्रिम जरा विचित्र वागतोय, बघून घे." (ट्रिम म्हणजे विमानाचं नाक ठरल्या जागी धरून ठेवणारी यंत्रणा.) किंवा इंजिनिअरच म्हणतो, "लिहू नका सर, मी बघतो." दोघंही एकमेकांवर उपकार करत असतात, आणि विमान कोणाच्याच नावावर राहत नाही. मी अशा वेळी लॉग पुढे करते आणि म्हणते, "एक ओळ लिहा, मग मला त्यावर काम करता येईल." कोणी चिडलं तर चिडू द्या.

लिहितानाही पूर्ण लिहा. लायन एअरचं ७३७ मॅक्स २९ ऑक्टोबर २०१८ ला समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. त्याच विमानाच्या आदल्या रात्रीच्या उड्डाणात स्टिक शेकर (वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा देण्यासाठी वैमानिकाची दांडी हलवणारं यंत्र) थरथरत राहिला होता आणि ट्रिम आपोआप नाक खाली दाबत होता, म्हणून वैमानिकांना ट्रिमची वीज तोडावी लागली. उतरल्यावर लॉगमध्ये वेग आणि उंचीच्या आकड्यांतली तफावत आणि एक दिवा, एवढंच आलं. खाली असलेल्या इंजिनिअरने लिहिलं होतं तेवढंच तपासलं, चाचणी ठीक आली, विमान सकाळी निघालं. म्हणून वैमानिकांनी लिहावं: काय दिसलं, काय ऐकलं, काय जाणवलं, विमान कोणत्या टप्प्यात होतं, उंची आणि वेग किती होता, कोणतं बटण दाबलं आणि मग काय झालं. आपलं निदान लिहू नका. "ट्रिम मोटर खराब" लिहिलंत की आम्ही मोटर बदलतो. आणि इंजिनिअरने "तपासलं, ठीक" एवढ्यावर सही करू नये. कोणती चाचणी केली, मॅन्युअलच्या कुठल्या कामाप्रमाणे, निकाल काय आला, ते लिहा. तोच स्नॅग आठवड्यात तिसऱ्यांदा आला असेल, तर तिसऱ्यांदा रिसेट करून सोडू नका. मागची पानं उलटा आणि ती कॅप्टननाही दाखवा.

हार्ड लँडिंगचं, म्हणजे विमान जोरात आदळून उतरण्याचं, थोडं नाजूक असतं. वैमानिकाला वाटतं, लिहिलं तर आपल्यावर बालंट येईल. मी खासगीत एवढंच विचारते, "तुम्हाला ते जोरात लागलं का?" हो म्हणाले तर तपासणी करायची, बस. विमानाने नोंदवलेला आकडा त्यानंतर बघू.

दबावाची काही वाक्यं ओळखून ठेवा. "काल हेच विमान दुसऱ्या कॅप्टनने नेलं की." "फक्त एकच सेक्टर (एक उड्डाण) आहे." "स्लॉट (उड्डाणाची ठरलेली वेळ) जातोय." यातल्या एकाही वाक्याने टायरवरच्या चिरेची खोली बदलत नाही. हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणते आणि मोठ्याने म्हणते, "पाच मिनिटं द्या, मॅन्युअल बघू." तरी पटलं नाही तर मेंटेनन्स कंट्रोल (कंपनीच्या सगळ्या दुरुस्त्यांवर देखरेख ठेवणारा कक्ष) आणि ड्यूटीवरचे मुख्य पायलट, दोघांनाही एकाच फोन कॉलवर घ्या. वेगवेगळे फोन केले की प्रत्येकाकडे आपापली गोष्ट पोचते.

एवढं करूनही कॅप्टन नाही म्हणाले, तर त्यांच्यापुरतं ते विमान थांबलं. नकाराचं कारण त्यांच्याच शब्दांत टेक लॉगमध्ये नोंदवून घ्या. दुसरा कॅप्टन आला तर त्याला आधीचा नकार स्वतःहून सांगा, लॉगचं तेच पान उघडून. इंजिनिअर नाही म्हणाला तर हाच नियम उलट्या बाजूने. पुढच्या शिफ्टच्या सहकाऱ्याने पुन्हा मोजून "चालेल" म्हटलं तर दोन्ही मापं, दोन्ही वेळा आणि मापण्याची पद्धत एकाखाली एक लिहा. दोन मापं वेगळी असतील तर तिसरं माप तिसऱ्या माणसाने घ्यावं, आधीचे आकडे न बघता.

विमान परत आलं की मी अजूनही गेटपाशी जाऊन कॅप्टनना विचारते, "तो स्नॅग पुन्हा दिसला का?" दिसला नसेल तर तेही लॉगमध्ये लिहून घेते.