अतिदक्षता विभागात औषधरोधक जिवाणूंसाठी स्वॅब कसा घ्यावा
दुसऱ्या रुग्णालयातून अतिदक्षता विभागात आलेल्या रुग्णाची कार्बापेनेमरोधक (म्हणजे कार्बापेनेम गटातील प्रभावी प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या) जिवाणूंसाठीची तपासणी दाखल होताच करावी. रुग्ण शुद्धीवर नसला तरी आपण काय करणार आहोत हे त्याला सांगावे, पडदा ओढावा, आणि मगच हातमोजे घालून निर्जंतुक सलाइनने ओलसर केलेला स्वॅब (टोकाला मऊ बोळा असलेली नमुना घेण्याची काडी) गुदद्वारातून सुमारे २ सेंटिमीटर आत नेऊन हलकेच फिरवावा. त्यावर विष्ठेचा अंश दिसला नाही तर नमुना पुन्हा घ्यावा, कारण अशा स्वॅबचा निगेटिव्ह अहवाल फसवा असू शकतो. रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी असलेल्या रुग्णाचा मात्र स्वॅब टाळून शौचाचा नमुना पाठवावा. क्रोमोजेनिक माध्यमावर (ज्यावर जिवाणू रंगावरून ओळखता येतात अशा प्रयोगशाळेतील पोषक माध्यमावर) जिवाणूंची वाढ दिसायला साधारण १८ ते २४ तास लागतात. तोवर रुग्णाला शक्यतो स्वतंत्र खोलीत ठेवावे. अहवाल पॉझिटिव्ह असूनही संसर्गाची लक्षणे नसतील, तर केवळ त्या अहवालावरून प्रतिजैविके सुरू करू नयेत.