ड्रायव्हरच्या हाती चावी देण्याआधी

माझे दोन छोटे हत्ती, म्हणजे छोटे मालवाहू टेम्पो, नागपूरच्या कळमना मंडीतून भाजी वाहतात. चार वर्षांमागे ड्रायव्हर चावी गाडीतच ठेवून चहाला गेला, क्लीनर पोऱ्याने हौसेने गाडी रिव्हर्स घेतली आणि मागे उभ्या स्कूटरवाल्याचा पाय मोडला. "स्टिअरिंगला हात लावू नको म्हणून पोऱ्याला दहादा बजावलं होतं," असं मी वकिलांना सांगत बसलो. ते म्हणाले, "भाऊ, बजावलं ते ठीक. पण चावी सोडून जाणं ही तुमच्या ड्रायव्हरची ड्युटीवरची चूक. भरपाई तुमच्याकडेच मागणार."

तेव्हापासून लायसन्सच्या झेरॉक्सवर मी कोणालाच ठेवत नाही. मूळ कार्ड मागायचं, नंबर सरकारच्या परिवहन साइटवर टाकायचा, मुदत आणि गाडीचा वर्ग पाहायचा, प्रिंट फाइलला लावायची. मग शेजारी बसून तासभर गाडी चालवून घ्यायची. हा खटाटोप विम्यासाठी. स्वर्ण सिंह खटल्यात 2004 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की लायसन्स बोगस निघालं एवढ्यावर विमा कंपनी सुटत नाही. मालकाने हलगर्जी केली हे तिला सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध झालं, तर जखमीला दिलेले पैसे ती मालकाकडून वसूल करू शकते. शिवाय बिनलायसन्सवाल्याला जाणूनबुजून गाडी दिली, तर मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

फेऱ्यांची वही ठेवा: कुठे, किती वाजता, कोणाचा माल. "तो स्वतःच्या कामाला गेला होता" हे नुसतं तोंडी कोण ऐकतं? पुष्पाबाई उदेशी खटला तर आमच्याच रस्त्यावरचा. 1960 साली नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी कंपनीची कार मॅनेजर चालवत होता. अपघातात सोबतचा माणूस गेला. मॅनेजर कंपनीच्या कामावर होता म्हणून 1977 साली सुप्रीम कोर्टाने कंपनीला जबाबदार धरलं.

अपघात झालाच, तर आधी जखमीला दवाखान्यात न्या, मग पोलीस, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. "सगळा खर्च मी देतो" असं भावनेच्या भरात लिहून देऊ नका. कंपनीला न विचारता दिलेली कबुली पॉलिसीच्या अटीत बसत नाही. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली तर तारखेला हजर राहा, नाहीतर निकाल एकतर्फी लागतो.

चावीला आता लांब लाल दोरी आहे. गाडीतून उतरलं की ती ड्रायव्हरच्या गळ्यात. मंडीतले त्याला "घंटीवाला बैल" म्हणतात, म्हणू द्या.