52 वजा 27 बरोबर 35? घरी गणित घेताना या चुका टाळा

वहीत 52 – 27 = 35 दिसलं की आपण ते खोडतो आणि वर 'लक्ष कुठे असतं तुझं?' असं सुनावतो. खरं तर मुलाचं लक्ष असतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून एककाच्या घरात त्याने 7 मधून 2 वजा केले. तेव्हा आधी 'हे कसं केलंस, मला सांग' एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

मग दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या आणि 27 रुपये मागा. नाणी पुरत नाहीत, एक नोट मोडावी लागते, हे त्याचं त्यालाच कळतं. चार नोटा, बारा नाणी. त्यातून दोन नोटा आणि सात नाणी दिली की उरतात 25. हे दोन-चार दिवस हाताने करू द्या, वही नंतर. 'शेजाऱ्याकडून एक उसना घेतला' हे आपलं जुनं वाक्य घाईने शिकवू नका. उसना म्हणजे एक की दहा, इथेच मुलं अडकतात.

दुसरी गोष्ट मराठी संख्यानामांची. 'एकोणसाठ' ऐकून मूल 69 लिहितं, कारण त्याला 'साठ' ऐकू येतं. 'सत्तावीस'मध्ये सात आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र दोन आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला, पण त्यामागची अडचण हीच होती. घरी दोन्ही म्हणा: 'सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात'. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरेंसाठी 'तीसला एक कमी', 'चाळीसला एक कमी' अशा थाटात बोला. सेमी इंग्रजीतल्या मुलांना तर हे फारच गरजेचं आहे.

पाढे पाठ हवेतच, असं माझं ठाम मत आहे. पण 'सात सक?' विचारल्यावर मूल 'सात एके सात'पासून सुरू करत असेल, तर पाढा फक्त चालीत बसलाय. 'सात पंचे पस्तीस, त्यात आणखी सात' ही वाट दाखवा.

आणि 'मलाही गणित कधी जमलं नाही' हे मुलासमोर अजिबात नको. रडू आलं तर वही मिटा. तेच उदाहरण उद्या, नोटा घेऊन.