जुना वेताळ नीट कसा बघावा

माळ्यावरच्या पेटीतून वेताळाची, म्हणजे मुखवटेवाल्या फँटमची, जुनी इंद्रजाल कॉमिक निघाली की लोक ती दहा मिनिटांत संपवतात. वर सल्ला देतात, आधी गोष्ट समजून घ्या, चित्रं मग बघा. मला हे अजिबात पटत नाही. आधी चित्रंच बघायची.

सकाळी नऊच्या आत, ऊन चढण्याआधी, ओसरीवर सतरंजी टाका आणि अंक सपाट ठेवा. फाटलं असेल तरी सेलोटेप लावू नका, कालांतरानं त्याचा पिवळा डाग कागदात उतरतो.

आता खरं अवघड काम: पात्रांचं बोलणं लिहिलेले फुगे न वाचणं. फुगा दिसला की डोळा तिकडंच धावतो. मी कितीतरी वर्षं असाच वाचत होतो. शेवटी कापूस घरात आल्यावरच्या रिकाम्या दिवसांत पोस्टकार्डाचे तुकडे करून फुगे झाकले, तेव्हा वेताळ दिसला. त्याच्या मुखवट्यात बुबुळं नसतात, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा कागद. म्हणजे राग, दया, संशय सगळं जबड्यात, खांद्यात नि मुठीत शोधावं लागतं. १९६१ पासून वेताळ काढू लागलेल्या साय बॅरीची काळी शाई इथं बघा. आधीच्या विल्सन मॅकॉयची रेघ साधी, सावल्या कमी. मॅकॉयला पोरकट म्हणणाऱ्यांनी फुगे झाकून एकदा बघावंच.

फुगे झाकलेले असतानाच जोड शोधा. लेखक ली फॉकचा वेताळ १९३६ साली वर्तमानपत्रातली रोजची पट्टी म्हणून सुरू झाला. दिवसाला तीन-चार चौकोन, शेवटच्यात उद्यासाठी अडकवून ठेवायचं. इंद्रजालनं १९६४ पासून अशाच पट्ट्या जोडून पानं केली. म्हणून दर तीन-चार चौकोनांनी कुणीतरी दचकतं, मागं वळतं, दार उघडतं. तिथं तुरीचा दाणा ठेवत जा. पेन्सिलीची खूण नको, हे हात जोडून सांगतो. पुढं फुगे उघडले की दाण्याच्या पलीकडं बरेचदा कालचंच थोडक्यात सांगितलेलं सापडेल. "तेच तेच बोलतात" ही तक्रार मग करवणार नाही. ते कालचा पेपर चुकलेल्या माणसासाठी आहे.

रोजची पट्टी काळी-पांढरीच छापायची. रंग मागाहून चढले, म्हणून रंग रेघेबाहेर गेला तर दोष चित्रकाराला देऊ नका.

आता पोस्टकार्ड काढा आणि फुगे मोठ्यानं वाचा. घरात लहान पोरगं असेल तर शेजारी बसवा, पण पान तुम्हीच उलटा.