गाजराला चमचाभर तेल हवंच

गाजर नुसतं कच्चं खाल्लं, तर त्यातलं बीटा-कॅरोटीन (शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं ते केशरी रंगद्रव्य) बरंचसं अंगी न लागताच निघून जातं. ते स्निग्धात विरघळतं, त्यामुळे सोबत चमचाभर तेल किंवा थोडे शेंगदाणे हवेत. गाजर किसून हलकं शिजवलं तर आणखी चांगलं. क जीवनसत्त्वाचं मात्र उलट: ते पाण्यात उतरतं, उष्णतेने घटतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि शिजवलेलं पाणी कृपा करून ओतून देऊ नका. शरीरात वापरून झालेल्या ई जीवनसत्त्वाला हेच क पुन्हा कामाला लावतं.

गोळ्यांचं सांगायचं तर, धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊच नयेत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला.