हा झगा अंगात चढतो कुठून?

रेनेसान्स काळातल्या (पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या) इटालियन चित्रावरून पोशाख शिवायला घेणाऱ्यांचं लक्ष आधी रंगावर आणि जरीवर जातं. माझंही गेलं. गिर्लान्दायोनं रंगवलेलं जोव्हान्ना तोर्नाबुओनीचं व्यक्तिचित्र समोर ठेवलं (मूळ चित्र माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात आहे), बाहीला मिळतंजुळतं ब्रोकेड शोधण्यात दोन महिने घालवले आणि झगा शिवून झाल्यावर कळलं, तो अंगात जातच नाही. शेवटी पाठीत चेन लावावी लागली. पुढे तो सगळा उसवला. खरं शिकले ते उसवताना.

म्हणून कापड घेण्याआधी चित्राला विचारा : हा अंगात चढतो कुठून?

जोव्हान्नाची बाही नीट बघा. तिला फटी आहेत आणि त्यांतून आतल्या पांढऱ्या कामीचाचे (झग्याखाली घालायच्या सैल सदऱ्याचे) फुगे बाहेर काढलेत. त्या काळी अशी बाही बहुधा मुंढ्याला शिवत नसत, नाड्यांनी बांधत. तेव्हाच्या घरसामानाच्या याद्यांत बाह्यांच्या जोड्या वेगळ्या नोंदलेल्या सापडतात त्या यामुळेच. भारी रेशमाची एक जोडी दुसऱ्या झग्यावरही चढवता येई. हे समजलं की मुंढ्याचा आकारच बदलतो.

इटलीतल्या मोन्तेर्की गावात पिएरो देल्ला फ्रान्चेस्कानं रंगवलेली गरोदर मेरी आहे. तिच्या निळ्या झग्याची पोटावरची फट उघडी आहे आणि आतला पांढरा कपडा दिसतो. एवढ्या एका फटीत कितीतरी सांगितलंय : कुठे उघडतं, कुठे सैल करायचं, आत काय घालायचं. मला हे चित्र शिवणकामाच्या पुस्तकाइतकं मोलाचं वाटतं.

देवदूतांच्या कपड्यांवर मात्र विसंबू नका, ते बरेचदा चित्रकाराच्या मनातले असतात. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्लामधल्या गिर्लान्दायोच्या भित्तिचित्रांत कडेला उभ्या असलेल्या बायका बघा, त्या शहरातल्याच खऱ्या बायका आहेत.

आणि शक्य तिथे खऱ्या कापडाशी ताडून बघा. ब्रोन्झिनोनं 1545 च्या सुमारास रंगवलेल्या, फ्लोरेन्सची डचेस एलेओनोरा हिच्या चित्रातलाच झगा घालून तिला पुरलं, असा समज फार काळ होता. 1562 मध्ये ती वारली. थडग्यातून निघालेले अवशेष तपासल्यावर तो वेगळाच झगा निघाला, साटिनचा, मखमली पट्ट्यांचा. पोशाखांच्या इतिहासाच्या अभ्यासक जॅनेट आर्नोल्ड यांनी त्याचा कापणीचा आराखडा काढला आहे. चित्र बघून न सुटलेली बरीच कोडी मला तिथे सुटली.

पन्ह्याचं, म्हणजे कापडाच्या रुंदीचं, आधी कुणी सांगत नाही. त्या वेळचं रेशीम साधारण 60 सेंटीमीटर रुंद असे. खणाचा पन्हा अरुंद म्हणून आपण जसं जोड देऊन शिवतो, तसेच घेराचे सरळ पट्टे जोडलेले असत. आजच्या मोठ्या पन्ह्यातून गोल घेर कापलात तर चुण्या चित्रातल्यासारख्या पडणारच नाहीत.

पहिला झगा मांजरपाटाचा करा, कच्च्या टाक्यांनी. तो घालून खाली बसा, हात वर करा, जिना चढा. मग नाडीची भोकं. ती कात्रीनं कापू नका. टोच्यानं धागे बाजूला सारून भोक पाडा आणि कडेनं दाट टाके घाला. कापलेलं भोक नाडी ओढली की फाटत जातं, सारलेलं टिकतं. माझ्या दुसऱ्या झग्याला अशी बावन्न भोकं आहेत, आणि चेन एकही नाही.