टेंपरेचर कंट्रोलरच्या मेनूत शिरताना या चुका टाळा

पॅनलवरचा 48 बाय 48 मिलिमीटरचा टेंपरेचर कंट्रोलर, हीटर चालू-बंद करून तापमान राखणारा. वर चालू तापमान, खाली सेट पॉइंट म्हणजे हवं असलेलं तापमान, तीन-चार बटणं. यात काय शिकायचंय, असं वाटणारे लोकच आम्हाला कामाला लावतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सेन्सरचा टाइप न बघणं. भोसरीतल्या एका शेडमध्ये पीव्हीसी वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनचा, म्हणजे एक्स्ट्रूडरचा, दुसऱ्या झोनचा (तापवण्याच्या दुसऱ्या टप्प्याचा) कंट्रोलर गेला. ऑपरेटरने पुण्यातल्या तपकीर गल्लीतून नवा आणला, तारा जोडल्या, सेट पॉइंट 170 दिला आणि मशीन सुरू. थोड्या वेळात पाइप पिवळा पडला, मग तपकिरी, आणि शेडभर डोळ्यांना झोंबणारा आंबट वास. बुधवारची संध्याकाळ, गुरुवारी सुट्टी, माल द्यायचा राहिलेला. मी पोचलो तेव्हा ऑपरेटरचं सप्लायरशी फोनवर भांडण चाललं होतं. ‘‘दादा, कंट्रोलर 170च दाखवतोय. मटेरियलच खराब आलंय.’’

सेन्सर म्हणजे थर्मोकपल, तापमानानुसार बारीकसा व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी. इथे ते होतं ‘के’ (K) टाइपचं आणि मेनूत निवडलेला ‘जे’ (J) टाइप. ‘के’ टाइप थर्मोकपल अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतं, ‘जे’ टाइप 50च्या वर. त्यामुळे ‘जे’ समजून वाचणाऱ्या कंट्रोलरला आहे त्यापेक्षा तापमान कमी वाटतं आणि तो हीटर चालूच ठेवतो. हातातल्या थर्मामीटरचा प्रोब बॅरलला, म्हणजे माल वितळतो त्या नळीला, लावला, तर 215च्या आसपास! यातली खरी खोच अशी की, मशीन थंड असताना दोन्ही सेटिंगला शेडचंच तापमान दिसतं, म्हणून सकाळी कुणालाच शंका येत नाही. त्यात सात रेघांच्या सेव्हन सेगमेंट डिस्प्लेवर K हे अक्षर धड उमटत नाही. प्रत्येक कंपनी काहीतरी वेडंवाकडं चिन्ह काढते. मॅन्युअलमधला अक्षरांचा तक्ता त्यासाठीच असतो. कंट्रोलर बदलला की शंभरच्या आसपास थांबून प्रोबने पडताळायचं, ही माझी सवय. पाच मिनिटं जातात. जाऊ देत.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: जुने आकडे न लिहिता मेनूत बोटं घालणं. आठ ठिकाणी बदल झाल्यावर ‘‘आधी काय होतं?’’ विचारलं, की सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी हुशार फॅक्टरी रिसेट मारतो. रिसेटने सेन्सरचा टाइप, अलार्म, हीटिंग-कूलिंग सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं. तुमच्या मशीनचं त्यात काही उरत नाही. मोबाइलवर फोटो काढतात, तो गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात गाडला जातो. मी पॅनलच्या दाराच्या आत कागद चिकटवतो: पॅरामीटर, जुना आकडा, नवा आकडा, तारीख. आणि एका वेळी एकच बदल.

आकडा बदलला आणि सेट न दाबताच निघून आलात? बऱ्याच कंट्रोलरवर तो बदल साठतच नाही. मेनूतून बाहेर या, परत आत जा आणि बघा.

हीटर चालू आणि आकडा उतरतोय? थर्मोकपल उलटं जोडलंय. पिवळी-लाल जोडी असेल तर लाल मायनस असते. लाल म्हणजे प्लस हे बॅटरीचं ज्ञान इथे चालत नाही.

ऑटो ट्यून (कंट्रोलर स्वतःच मशीनला जुळवून घेतो ती सोय) लावून मधेच सेट पॉइंट हलवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. त्या वेळात तापमान मुद्दाम सेट पॉइंटच्या वर-खाली जातं, घाबरायचं कारण नाही. पीव्हीसीसारख्या नाजूक मालाला मात्र सेट पॉइंट थोडा खाली ठेवूनच ऑटो ट्यून लावावं.

शेवटी की-लॉक, म्हणजे बटणांना लावलेलं कोडचं कुलूप. तो लावाच, फक्त कोड मार्करने कंट्रोलरच्या डोक्यावर लिहू नका. चाकणला एका पॅनलवर तो बाणासकट लिहिलेला होता.